ओळीखाली ओळ

पाणी आज पाचव्या दिवशी आलं, पहाटे तीनला.
पिंपं भरता भरता लॅपटॉप ओट्यावर उघडा ठेवला.
वरच्या ओळीत ती, जिला बाप लागत नाही,
खालच्या ओळीत तिची चुलतबहीण, जिला लागतो.
ए टी टी जी.
ए टी सी जी.
इथे थांबायचं.
अक्षर बदललं पण अर्थ तोच, चल पुढे.
अक्षर बदललं आणि अर्थही, नोंद कर.
अक्षरच नाही, नुसती रेघ, नोंद कर.

मेक्सिकोकडच्या गढूळ ओढ्यांतला हा मासा
मी कधी पाहिलेला नाही.
नुसत्या माद्या. लाखभर वर्षं नुसत्या माद्या.
लेक म्हणजे आईची नक्कल, आई तिच्या आईची.
नर लागतो, पण शेजारच्या जातीतला,
तोही एवढ्यापुरता की अंड्याला कळावं, चला, सुरू करा.
त्याचं आत काही घेत नाहीत.
दार वाजवून परत जातो बिचारा,
चहासुद्धा नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा
विड्यांच्या सुपावरून मान वर न करता ती म्हणाली,
शहाणी आहे की तुझी चेपा.

चुलतबहिणीचं गोत विजापूर वेशीत मिळतं.
काळी मोली, चाळीस रुपये जोडी.
पिशवीला गाठ मारताना मुनाफभाई बजावतात,
एक नर एक मादी, देखके लेना,
नंतर बदलून मिळणार नाही.

अण्णा साखर पेठेत जकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
भोक म्हणजे धागा वर, भोक नाही म्हणजे खाली.
एवढ्या दोन शब्दांत मोर.
नकलेवरून नक्कल पाडली की कुठेतरी एक भोक सरकतं.
अकराव्या संचात मोराच्या मानेला गाठ आली,
विसाव्यात मोराचं बदक झालं.
चादरी तरीही खपल्या.
अण्णा आठवडाभर जेवताना बोलले नाहीत.

म्हणून माझी खात्रीच होती.
पत्ते न पिसता इतका लांब डाव चालत नाही.
चूक साठत जाते, दात्यांचं चाक एकाच अंगाला फिरतं,
मागे येत नाही, असंच शिकले होते.
दोन वर्षं मी बदक शोधते आहे.

बदक नाही.
चुका आहेत, पण बहिणीत आहेत तशाच,
कुठे दोन जास्त, कुठे तीन कमी.
सरांना कळवलं, तर म्हणाले, पुन्हा मोजा.
पुन्हा मोजलं. वीज गेली. पुन्हा मोजलं.

मग लक्षात आलं, या बिनबापाच्या घराण्यात
एकदा, अगदी पहिल्यांदा, बाप होता.
परक्या जातीचा. एकदाच आला.
त्याचा धागा तिने तिच्या धाग्याशेजारी लावला
आणि पुन्हा कधी उसवला नाही.
आज प्रत्येक लेकीच्या प्रत्येक पेशीत
ती दोघं शेजारी शेजारी आहेत, न मिसळता,
जसे लग्नाच्या दिवशी फोटोत उभे राहिले असतील.

आणि ही दोनशे बारावी फाईल.
शुक्रपेशीच्या शेपटीचं जनुक,
जी शेपटी या घरात कुणालाच नाही, नव्हती.
हे तरी विटलं असेल म्हणून शेवटी ठेवलं होतं.
ओळीखाली ओळ लावली. भोकाखाली भोक.
एकही सरकलेलं नाही.

माग भंगारात गेले त्याला नऊ वर्षं झाली.
पुठ्ठे पाडायचं यंत्र अण्णांनी दिलं नाही.
दर अमावस्येला फडकं घेऊन तेल द्यायचे,
कशाला, असं आम्ही विचारायचो,
ते म्हणायचे, गंज चढेल.

आई आतून ओरडते आहे, पिंप वाहतंय.
वाहतंय खरं. माझा पाय ओला आहे.
मी रकान्यात शून्य लिहिते
आणि आठवत बसते,
अण्णा गेल्यावर
त्या यंत्राला तेल कोण देतं.